पूल खेळताना नजर कुठे ठेवावी?

नांदेड : पूलच्या टेबलाशी प्रथमच उभ्या राहिलेल्या तरुणाला आजूबाजूचे जाणकार सर्वांत आधी सल्ला देतात तो 'बॉलकडे बघून मार' हा. सल्ला खोटा नाही, पण अपुरा आहे. फटका मारताना खेळाडूसमोर किमान दोन बॉल असतात, एक पॉकेट असते आणि हातात क्यू असतो. यांपैकी कोणाकडे, कोणत्या क्षणी आणि किती वेळ पाहायचे, हे त्या सल्ल्यात कोठेच येत नाही. परिणामी प्रत्येक जण आपापल्या परीने डोळ्यांना एक सवय लावून घेतो. ती सवय चुकीची असेल, तर तासाच्या दराने कितीही पैसे मोजले तरी खेळ एकाच पायरीवर अडकून राहतो.

मुंबई-पुण्यातील जिमखान्यांत ही सवय वेळीच मोडून काढणारा एखादा ज्येष्ठ खेळाडू टेबलाशेजारी भेटण्याची शक्यता असते. नांदेड, लातूरसारख्या शहरांत तसा आधार सहज मिळत नाही. येथे पूल म्हणजे मित्रांसोबत घटकाभराची करमणूक. शिकवणीवर्ग आणि परीक्षा यांच्या वेळापत्रकातून उरलेल्या वेळात खेळायचे, आणि तेही घरच्यांच्या नजरेआडच. क्यू कसा धरावा, उभे कसे राहावे हे दुसऱ्याचे पाहून थोडेफार शिकता येते. नजरेचे मात्र तसे नसते. समोरचा खेळाडू नेमका कोठे पाहतो आहे, हे बाजूला उभे राहून कळत नाही. म्हणूनच या खेळातील हा सर्वांत महत्त्वाचा भाग सर्वांत शेवटी, आणि पुष्कळदा कधीच शिकला जात नाही.

एका वेळी एकच बॉल

माणसाच्या दृष्टिपटलावर अगदी स्पष्ट प्रतिमा देणारा भाग फार लहान असतो. त्याची व्याप्ती सुमारे दोन अंशांची. हात पूर्ण लांब करून अंगठ्याच्या नखाकडे पाहिले, तर साधारण तेवढाच भाग आपण खऱ्या अर्थाने स्वच्छ पाहत असतो. बाकीचे दृश्य अंधूक असते आणि मेंदू त्याची भर घालतो. पूलच्या बॉलचा व्यास सव्वादोन इंच, म्हणजे ५७.१५ मिलिमीटर असतो. डोळ्यापासून दीड मीटरवर ठेवलेला असा बॉल दोन अंशांहून किंचित अधिक जागा व्यापतो. म्हणजे लांबच्या फटक्यात नजर एका वेळी जेमतेम एक बॉल नीट टिपू शकते. जवळचा पांढरा बॉल आणि लांबचा लक्ष्य बॉल एकाच वेळी सारख्याच स्पष्टपणे पाहणे कोणालाच शक्य नाही. एकावरून दुसऱ्यावर नजर उडी घेते त्या निमिषार्धात तर मेंदू दृश्याची नोंदच जवळपास थांबवतो. फटक्याच्या ऐन वेळी डोळे इकडून तिकडे धावत असतील, तर खेळाडू जवळपास न पाहताच मारत असतो.

क्रिकेटचे संस्कार झालेल्या मुलांचा येथे गोंधळ होतो. 'शेवटपर्यंत चेंडूवर नजर' हा मंत्र फलंदाजासाठी योग्यच आहे, कारण चेंडू हलता असतो आणि बॅट त्याच्यापर्यंत न्यायची असते. विटी-दांडूत उडालेल्या विटीकडे पाहावे लागते तेही याचमुळे. पण गोट्या खेळताना बोटात ताणून धरलेल्या आपल्या गोटीकडे कोणी पाहत नाही. नजर असते ती समोरच्या गोटीवर. पूल या दुसऱ्या जातीचा खेळ आहे. पांढरा बॉल जागचा हलत नाही, तो कोठे आहे हे ठाऊक असते आणि क्यूचे टोक त्याच्यापासून बोटभर अंतरावर असते.

आधी उभ्याने पाहावे

निशाणा वाकल्यावर नव्हे, तर उभे असताना घ्यायचा असतो. अनेकांना हे पटत नाही. टेबलावर वाकून, एक डोळा मिटून, क्यू डावीकडे-उजवीकडे सरकवत नेम शोधणारे खेळाडू सगळीकडे दिसतात. वाकल्यावर डोळे जवळजवळ टेबलाच्या पातळीवर येतात, आणि लक्ष्य बॉलपासून पॉकेटपर्यंतची तिरकी रेषा नीट दिसेनाशी होते. उभ्याने ती स्वच्छ दिसते. कॅरम खेळणाऱ्यांना याचा अनुभव असतो. कॅरमचा संपूर्ण बोर्ड खेळाडूच्या नजरेखाली असतो, त्यामुळे स्ट्रायकर, सोंगटी आणि पॉकेट यांतील कोन बसल्या जागी वरून दिसतात. पूलमध्ये ही वरून पाहण्याची सोय वाकण्यापूर्वीच वापरून घ्यावी लागते.

क्रम असा असावा. प्रथम लक्ष्य बॉलच्या मागे, पॉकेटच्या सरळ रेषेत जाऊन पाहावे. पॉकेटच्या मध्यापासून निघालेली रेषा बॉलच्या मधून काढली, तर ती बॉलच्या पाठीमागे जेथे बाहेर पडते तो स्पर्शबिंदू. तो डोळ्यांत साठवून पांढऱ्या बॉलच्या मागे यावे, दोन पावले दूर उभे राहून फटक्याची रेषा पाहावी आणि नजर त्या रेषेवरून न हलवता त्याच रेषेत खाली वाकावे. बाजूने वळून वाकणाऱ्याची रेषा वाकतानाच मोडते, आणि पुढे तिची कितीही डागडुजी केली तरी ती जुळत नाही.

स्पर्शबिंदूचा चकवा

नवख्यांच्या चुकांपैकी निम्म्या तरी येथे जन्म घेतात. स्पर्शबिंदू सापडला की नजर त्याच्यावर खिळते आणि क्यू थेट त्या बिंदूकडे रोखला जातो. बॉल सरळ रेषेत असेल तर यात काही बिघडत नाही. पण कट मारायचा असेल तर फटका हमखास जाड बसतो, कारण पांढऱ्या बॉलचा मध्य त्या बिंदूला कधी भिडतच नाही. भिडते ती त्याची बाजू.

आकड्यांनी पाहिले तर चित्र स्पष्ट होते. लक्ष्य बॉलला ३० अंशांच्या कोनात वळवायचे आहे असे समजू. पांढऱ्या बॉलच्या दिशेने पाहिले असता स्पर्शबिंदू लक्ष्य बॉलच्या मध्यापासून सुमारे १४.३ मिलिमीटर बाजूला दिसतो. पण पांढऱ्या बॉलचा मध्य त्या मध्यापासून २८.६ मिलिमीटर बाजूने, म्हणजे लक्ष्य बॉलच्या अगदी कडेच्या रोखाने जायला हवा. खेळाडूने स्पर्शबिंदूकडेच क्यू रोखला तर बॉल ३० ऐवजी सुमारे साडेचौदा अंशच वळेल. एक मीटर अंतरावरच्या पॉकेटपाशी ही चूक वीतभराहून अधिक होते. अशा वेळी 'हात हलला' म्हणून हळहळणारा खेळाडू प्रत्यक्षात योग्य मारतो, पण चुकीच्या जागी पाहून.

यावरचा जुना उपाय म्हणजे काल्पनिक बॉल. स्पर्शाच्या क्षणी पांढरा बॉल जेथे असायला हवा तेथे एक अदृश्य बॉल ठेवला आहे अशी कल्पना करायची आणि त्याच्या मध्यावर नेम धरायचा. कल्पना सोपी, अंमल अवघड. कारण तो मध्य लक्ष्य बॉलच्या पृष्ठभागापासून सुमारे २८.६ मिलिमीटर दूर, मोकळ्या जागेत असतो. रिकाम्या हवेत नजर स्थिर ठेवणे डोळ्यांना जमत नाही. त्यांना टेकायला काही तरी वस्तू लागते.

म्हणूनच ३० अंशांचा, म्हणजे 'अर्ध्या बॉलचा' फटका सर्वांत विश्वासाचा मानला जातो. त्यात क्यूची रेषा लक्ष्य बॉलच्या कडेवर रोखायची असते, आणि कडा ही डोळ्यांना स्पष्ट दिसणारी खूण आहे. पाऊण बॉल झाकला तर सुमारे साडेचौदा अंशांचा कट मिळतो, पाव बॉल झाकला तर सुमारे साडेअठ्ठेचाळीस अंशांचा. हे तीन फटके डोळ्यांत बसले की इतर कोन त्यांच्या आसपास शोधता येतात. पाव बॉलच्या फटक्यात नेमाची रेषा लक्ष्य बॉलच्या बाहेरून जाते. तेथे रेषेवर पाहण्याऐवजी पांढरा बॉल लक्ष्य बॉलचा किती भाग झाकेल, हे पाहणे सोपे पडते.

चुकीला किती जागा आहे, याचाही अंदाज असावा. सरळ फटक्यात पांढरा बॉल एक मिलिमीटर बाजूला लागला तर लक्ष्य बॉल साधारण एक अंश भरकटतो आणि मीटरभर पुढे सुमारे साडेसतरा मिलिमीटर बाजूला जातो. साठ अंशांच्या पातळ कटमध्ये तीच एक मिलिमीटरची चूक दुप्पट होते. बारीक कट हुकला म्हणून स्वतःला दोष देण्यापूर्वी हे गणित आठवावे.

वाकल्यानंतरची नजर

वाकून ब्रिज टेबलावर टेकला की डोळ्यांचे दुसरे काम सुरू होते. आधी पांढरा बॉल पाहायचा. क्यूची टिप मध्यावर आहे, वर आहे की खाली, बाजूची स्पिन द्यायची असल्यास किती बाजूला, हे येथेच ठरते. मग नजर सावकाश रेषेवरून लक्ष्य बॉलवर न्यायची, तेथे थांबायचे आणि परत यायचे. क्यू मागेपुढे हलवून घेतले जाणारे सरावाचे हेलकावे या पाहणीसाठीच असतात. दोन, तीन, फार तर चार. ज्याचे डोळे प्रत्येक हेलकाव्याला दोन-दोन वेळा धावतात, त्याला त्या हेलकाव्यांतून काहीच मिळत नाही.

या टप्प्यात पॉकेटकडे मुळीच पाहू नये. पॉकेटचे काम उभ्याने पाहतानाच संपलेले असते. वाकल्यावर पॉकेटकडे गेलेली नजर बहुधा डोक्यालाही सोबत नेते, आणि डोके हलले की खांदा हलतो. कॅरममधून आलेल्यांना हे मोडायला वेळ लागतो. सोंगटी आणि पॉकेट एका दृष्टिक्षेपात पाहण्याची त्यांच्या डोळ्यांना सवय झालेली असते.

शेवटची नजर

मूळ प्रश्न हाच आहे. क्यू पुढे सुटतो त्या क्षणी डोळे पांढऱ्या बॉलवर असावेत की लक्ष्य बॉलवर?

बहुसंख्य प्रशिक्षक आणि खेळाडूंचे उत्तर लक्ष्य बॉल असे आहे, आणि त्यामागे ठोस कारण आहे. टिप आणि बॉल यांचा स्पर्श सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागापुरता टिकतो. डोळ्यांनी काही पाहून हाताने त्यावर प्रतिक्रिया द्यायला सुमारे पाव सेकंद लागतो. म्हणजे टिप बॉलला चुकीच्या जागी लागते आहे हे दिसले, तरी ते सुधारणे शरीराला शक्य नसते. पांढऱ्या बॉलकडे पाहून मिळणारी माहिती त्या क्षणी निरुपयोगी ठरते. लक्ष्यावर स्थिर असलेली नजर मात्र हाताला जायचे कोठे आहे हे अखेरपर्यंत सांगत राहते. दगड भिरकावताना हाताकडे न पाहता आंब्याकडे पाहिले जाते, ते याच न्यायाने.

कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठाच्या संशोधक जोन विकर्स यांनी १९९० च्या दशकात नेमबाजीच्या खेळांतील नजरेचा अभ्यास करून 'शांत नजर' ही संकल्पना मांडली. निर्णायक हालचाल सुरू होण्यापूर्वी नजर एकाच जागी किमान दशांश सेकंद तरी स्थिरावते, तो हा काळ. गोल्फ आणि बास्केटबॉलमध्ये कुशल खेळाडूंचा हा काळ नवख्यांपेक्षा दीर्घ आढळला. पुढे मार्क विल्यम्स, रॉबर्ट सिंगर आणि शेन फ्रेलिक यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बिलियर्ड्‌सच्या १२ कुशल आणि १२ कमी कुशल खेळाडूंच्या नजरेची नोंद घेतली. कुशल खेळाडूंची नजर अधिक काळ स्थिर राहत होती. यशस्वी फटक्यांपूर्वी ती फसलेल्या फटक्यांपेक्षा अधिक काळ थांबत होती, आणि फटका अवघड झाला की हा काळही वाढत होता. खेळाडूंना घाई करायला लावली तेव्हा स्थिर नजरेचा काळ आखडला आणि फटकेही बिघडले.

हे निष्कर्ष पूलच्या टेबलावर उतरवायचे, तर शेवटचा हेलकावा संपताना, क्यू मागे गेलेला असताना क्षणभर थांबावे. डोळे लक्ष्य बॉलवरील ठरलेल्या खुणेवर उचलून तेथे स्थिर करावेत, आणि मगच क्यू सोडावा. अनुभवी खेळाडूंच्या फटक्यात दिसणारा तो किंचितसा विराम अनेकांना ऐट वाटतो. तो डोळ्यांना दिलेला वेळ असतो. क्यू सुटल्यानंतरही बॉल लागेपर्यंत नजर आणि डोके जागचे हलू नये. बॉल पडला की नाही हे पाहण्याची उत्सुकता ही या खेळातील सर्वांत महाग पडणारी उत्सुकता आहे.

महाभारतातील अर्जुनाला पक्ष्याचा फक्त डोळा दिसत होता, ही गोष्ट मराठी घरांत नेमाचा आदर्श म्हणून सांगितली जाते. पूलच्या खेळाडूने ती अर्धीच घ्यावी. त्याला आधी पांढरा बॉल, टिप, रेषा हे सगळे पाहावे लागते. अर्जुन व्हायचे ते शेवटच्या क्षणापुरतेच. नेमबाजीच्या प्रत्येक प्रकाराचा नियमही वेगळा असतो. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळविले. त्या खेळात नजर लांबच्या लक्ष्यावर नव्हे, तर रायफलच्या पुढच्या साइटवर स्पष्ट ठेवण्याची शिकवण दिली जाते. गोल्फमध्ये पट मारताना नजर चेंडूवरच राहते, कारण भोक बाजूला असते आणि तिकडे पाहायचे तर मान वळवावी लागते. पूलमध्ये पांढरा बॉल आणि लक्ष्य बॉल एकाच रेषेत समोर असतात, त्यामुळे डोके न हलवता केवळ बुबुळे उचलून लक्ष्य पाहता येते. एका खेळाचा नियम दुसऱ्यात नेला की घोळ होतो, तो यामुळे.

जेथे नियम उलटतो

काही फटक्यांत मात्र शेवटची नजर पांढऱ्या बॉलवरच असावी. पांढरा बॉल कुशनला चिकटला असेल आणि टिपला त्याचा वरचा पातळ भागच मिळत असेल, मध्ये दुसरा बॉल आल्याने ब्रिज उंच करून वरून मारावे लागत असेल, किंवा क्यू जवळजवळ उभा धरून जंप अथवा मासे मारायचा असेल, तर नेमापेक्षा टिप योग्य जागी लागणे अधिक महत्त्वाचे ठरते. सुरुवातीच्या ब्रेकच्या फटक्यात पूर्ण ताकद लावली जाते आणि शरीरही उचलले जाते, म्हणून अनेक खेळाडू तेव्हाही पांढऱ्या बॉलकडे पाहणे पसंत करतात. जोरदार स्पिन देतानाही काहींचा हाच पवित्रा असतो. आपला पवित्रा कोणता, हे प्रत्येकाने ठरवावे. पण ठरवावे एकदाच, फटक्याफटक्याला नव्हे.

कोणता डोळा?

बहुतेक माणसांचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा प्रबळ असतो. तपासणे सोपे आहे. दोन्ही हात पुढे करून तळव्यांमध्ये लहानसा त्रिकोण करावा, त्यातून भिंतीवरील घड्याळ पाहावे आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याने घड्याळ त्रिकोणातच राहते तो प्रबळ. म्हणून क्यू त्याच डोळ्याखाली हवा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो प्रत्येकाला लागू पडत नाही. काहींना क्यू हनुवटीच्या मधोमध धरल्यावर रेषा सरळ दिसते, काहींना एका डोळ्याच्या किंचित आत. अमेरिकेतील कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात प्राध्यापक राहिलेले आणि पूलच्या भौतिकशास्त्रावरील ग्रंथाचे लेखक डेव्हिड अल्सियाटोर यांनी या जागेला 'दृष्टिकेंद्र' म्हटले असून ते प्रयोगानेच शोधावे, असे त्यांचे म्हणणे आहे. सरळ रेषेतील दोन बॉलवर क्यू रोखून डोके सावकाश डावीकडे-उजवीकडे न्यावे. ज्या ठिकाणी क्यू, पांढरा बॉल आणि लक्ष्य बॉल एका ओळीत दिसतात ते आपले दृष्टिकेंद्र. पुढे प्रत्येक फटक्यात डोके तेथेच आले पाहिजे. एक डोळा मिटून खेळण्याची मात्र सवय लावू नये. अंतराचा अंदाज दोन्ही डोळ्यांनी मिळून येतो.

दृष्टी अधू म्हणून हा खेळ आपला नव्हे, असे मानणाऱ्यांनी स्नूकरचा इतिहास पाहावा. १९२७ ते १९४६ या काळात लागोपाठ १५ वेळा जागतिक विजेता ठरलेल्या इंग्लंडच्या जो डेव्हिसचा उजवा डोळा फारसा कामाचा नव्हता. उजव्या हाताने खेळणारा हा खेळाडू क्यू डाव्या डोळ्याखाली धरीत असे. त्याचा धाकटा भाऊ फ्रेड डेव्हिस खास बनवून घेतलेला चष्मा लावून विश्वविजेता झाला. उत्तर आयर्लंडच्या डेनिस टेलरने १९८५ च्या जागतिक अंतिम सामन्यात स्टीव्ह डेव्हिसला शेवटच्या फ्रेमच्या शेवटच्या काळ्या बॉलवर १८-१७ असे हरविले, तेही जणू उलटी घातलेली वाटावी अशा भल्या मोठ्या काचांच्या चष्म्याने. त्या चष्म्यामागे साधे कारण होते. नेहमीच्या चष्म्याने वाकून वर पाहिले की नजर फ्रेमच्या काठावरून किंवा काचेच्या कडेच्या भागातून जाते आणि रेषा वाकडी दिसते. चष्मा लावणाऱ्या खेळाडूने उंच काचेची फ्रेम निवडली आणि ती नाकावर थोडी वर बसवून घेतली, तर हा त्रास बराच कमी होतो. चाळिशीनंतर लागणारा दोन अंकांचा चष्मा या खेळाला गैरसोयीचा. अशांनी नेत्रतज्ज्ञांकडून टेबलाच्या अंतरासाठी वेगळा नंबर काढून घ्यावा.

प्रकाशाकडेही दुर्लक्ष नको. टेबलाच्या मधोमध वरून येणारा प्रकाश हवा. खोलीच्या एका बाजूला ट्यूबलाइट असेल तर बॉलच्या एका अंगाला सावली पडते आणि त्याचा मध्य उजळ बाजूकडे सरकल्यासारखा भासतो. बॉलवर चमकणारा दिव्याचा ठिपका नेमासाठी धरणारेही असतात, पण डोके जरा हलले की तो ठिपकाही सरकतो. बॉल मळलेले असतील तर ते स्पर्शाच्या वेळी एकमेकांना अधिक ओढतात आणि अचूक पाहूनही कट थोडा जाड जातो. खेळण्यापूर्वी बॉल पुसून मागण्यात संकोच कसला?

महाराष्ट्राचा वारसा

या खेळाशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. पुण्यात १९२२ मध्ये जन्मलेले विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये कोलकाता येथे आणि १९६४ मध्ये न्यूझीलंडमध्ये जागतिक हौशी बिलियर्ड्‌स अजिंक्यपद पटकावले. स्वतंत्र भारताला कोणत्याही खेळातील पहिला जगज्जेता त्यांच्या रूपाने मिळाला. १९९६ मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार देण्यात आला. २००३ मध्ये त्यांचे निधन झाले. मुंबईचे मायकेल फरेरा यांनी १९७७, १९८१ आणि १९८३ मध्ये हौशी जागतिक विजेतेपद मिळविले. १९७८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी ११४९ गुणांचा ब्रेक केला. एकही फटका न चुकता काही शे फटके, आणि प्रत्येक वेळी डोळ्यांचा तोच क्रम! मुंबईच्याच यासिन मर्चंट यांनी १९८९ आणि २००१ मध्ये आशियाई स्नूकर विजेतेपद जिंकले. आदित्य मेहता याने २०१३ मध्ये कोलंबियातील काली येथे झालेल्या जागतिक क्रीडा स्पर्धेत स्नूकरचे सुवर्णपदक मिळविले, तर ईशप्रीतसिंग चढ्ढा २०२४ च्या इंग्लिश ओपनमध्ये उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. पंकज अडवाणीची कारकीर्द बंगळुरूत घडली असली, तरी जन्म पुण्याचा.

ही यादी मुंबई-पुण्यापलीकडे जात नाही. याचे कारण मराठवाड्यातील मुलांच्या डोळ्यांत नाही. टेबले आणि शिकविणारी माणसे कोठे आहेत यात आहे. बारा फुटी बिलियर्ड्‌सचे टेबल पूर्वी क्लब आणि जिमखान्यांतच असे, आणि तेथील सदस्यत्व सर्वांच्या आवाक्यातले नव्हते. पूलच्या लहान टेबलाने हा खेळ जिल्ह्याच्या गावी आणला, प्रशिक्षक मात्र सोबत आला नाही.

एकट्याने करण्याजोगा सराव

प्रशिक्षक नसला तरी नजरेची तपासणी करता येते. पांढरा बॉल टेबलाच्या लांबीच्या मध्यरेषेवर ठेवून समोरच्या कुशनच्या मध्यावर सरळ मारावा. तो त्याच रेषेने परत येऊन टिपला लागला, तर क्यू आणि नजर दोन्ही सरळ आहेत. सतत एकाच बाजूला परतत असेल, तर नकळत स्पिन बसते आहे. बहुतेक वेळा याचे मूळ हातात नसून डोके दृष्टिकेंद्रापासून सरकण्यात असते. दहापैकी सात-आठ बॉल टिपला भेटेपर्यंत कटच्या सरावाला लागू नये.

दुसरा सराव शेवटच्या नजरेचा. एकच सोपा सरळ फटका दहा वेळा पांढऱ्या बॉलकडे पाहून, दहा वेळा लक्ष्य बॉलकडे पाहून आणि दहा वेळा शेवटच्या क्षणी डोळे मिटून मारावा, आणि तिन्हींचा हिशेब वहीत लिहावा. डोळे मिटूनही बरेच बॉल पडले, तर रेषा वाकण्यापूर्वीच नीट लागली होती. उघड्या डोळ्यांपेक्षा मिटलेल्या डोळ्यांनी अधिक पडले, तर फटक्याच्या क्षणी नजर भरकटते आहे, हे निश्चित समजावे.

डोळे प्रत्यक्ष कोठे जातात हे पाहायचे तर मोबाइल पुरेसा आहे. समोरच्या कुशनपलीकडे तो उभा करून आपल्या चेहऱ्याचे चित्रण करावे आणि सावकाश गतीने पाहावे. बुबुळे केव्हा वर गेली, क्यू सुटताना ती स्थिर होती की नाही, हनुवटी उचलली गेली का, हे त्यात स्पष्ट दिसते. मित्र सोबत असेल तर त्याला टेबलाच्या त्या बाजूला उभे करून फक्त डोळे पाहायला सांगावे. ज्यांच्याकडे टेबलच नाही त्यांना घरी रिकामी बाटली आडवी ठेवून तिच्या तोंडात क्यू, नाही तर सरळ काठी, काठाला न लावता आत-बाहेर करता येईल. नजर मात्र बाटलीच्या बुडाकडे ठेवायची, तोंडाकडे नाही.